सत्तावीस वर्षांचे म्हातारे

जुलै २०२३ मध्ये एनएफएलमधल्या काही नामवंत रनिंग बॅकनी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंनी, झूमवर एक बैठक घेतली. बोलावणारा होता लॉस एंजलिस चार्जर्सचा ऑस्टिन एकलर. अमेरिकी फुटबॉलच्या या अतिश्रीमंत लीगमध्ये बाकीच्यांचे पगार चढत असताना आपलेच का उतरताहेत, एवढाच विषय होता. बैठकीतून हाती काही लागलं नाही. पण क्लीव्हलंड ब्राउन्सचा निक चब त्यानंतर पत्रकारांशी जे बोलला ते लक्षात राहण्यासारखं होतं. आशय असा: आमची कामगिरीच आमच्या मुळावर येते, एका वर्षात दोन हजार यार्ड धावून दाखवले, तर पुढच्या वर्षी हेच लोक म्हणणार की हा आता झिजला असेल.

कोट्यधीशांचं गाऱ्हाणं म्हणून ते हसण्यावारी नेता येईल. तरी प्रश्न खरा आहे. उत्तम काम करणं हाच ज्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो, असा पेशा तयार झाला कसा? माझ्या मते त्याचं कारण जुन्या खेळाडूंशी तुलना करून नव्याचं भविष्य वर्तवायच्या पद्धतीत आहे, किंवा ती पद्धत ज्या अर्धवटपणे वापरली जाते त्यात आहे. या तुलनेच्या तक्त्याचा जो भाग मालकांच्या सोयीचा, तो कराराच्या बोलण्यांत पुढे येतो. उरलेला कोणी उघडत नाही.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक चेंडू एक तर लांब फेकतो किंवा शेजारून जाणाऱ्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. मग त्याने समोरच्या अकरा जणांमधून वाट काढत जमेल तितकं पुढे जायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. धाव बहुतेक वेळा एकाच पद्धतीने संपते: शंभर-सव्वाशे किलोचा कोणीतरी अंगावर येऊन आदळतो. मोसमात हे तीनशे वेळा झालं तर भरपूर काम झालं असं धरतात. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हे सांगायला नको. ऑगस्ट उजाडला की ऑफिसच्या फँटसी लीगसाठी कुठला रनिंग बॅक उचलायचा यावर तीही डोकं खाजवतात, आणि तीही हेच तक्ते उघडतात.

या तक्त्यांचा उगम बेसबॉलमध्ये आहे. बिल जेम्स यांनी दोन खेळाडूंमधलं साम्य मोजायची एक सोपी युक्ती काढली. १,००० गुणांपासून सुरुवात करायची आणि दोघांच्या आकड्यांत जिथे फरक दिसेल तिथे गुण कापत जायचं. आपल्याकडे पत्रिका जुळवताना छत्तीसांपैकी किती गुण जमले ते बघतात, तसाच हा हिशेब. ग्रहांच्या जागी धावा आणि वय. २००३ मध्ये नेट सिल्व्हर यांची पेकोटा ही पद्धत आली आणि तिने या साम्यावरून भविष्य सांगायला घेतलं. या खेळाडूसारखे पूर्वीचे खेळाडू शोधा, त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते बघा, त्यावरून याचं ठरवा. सिल्व्हर यांनी एक शहाणपण केलं होतं. उत्तरात एकच आकडा न देता ते पट्टा द्यायचे: वाईट गेलं तर इतकं, मधलं इतकं, फळफळलं तर इतकं. फुटबॉलच्या चर्चेत ही पद्धत शिरली तेव्हा पट्टा वाटेतच गळला आणि आकडा तेवढा पोचला.

हा पट्टा किती महत्त्वाचा, ते पाहायला चबने म्हटलेले दोन हजार यार्डच घेऊ. एनएफएलच्या इतिहासात एका मोसमात दोन हजारांवर धावलेले नऊ जण आहेत. ओ. जे. सिम्प्सनने १९७३ मध्ये अवघ्या १४ सामन्यांत २,००३ यार्ड केले. पुढच्या वर्षी १,१२५. एरिक डिकरसनने १९८४ मध्ये २,१०५ केले, तो विक्रम अजून मोडलेला नाही. पुढच्या वर्षी १,२३४. बॅरी सँडर्स २,०५३ वरून १,४९१ वर आला. टेरेल डेव्हिसचे १९९८ मध्ये २,००८ होते, १९९९ मध्ये चौथ्याच सामन्यात गुडघा गेला आणि खाती २११ उरले. जमाल लुइस २,०६६ वरून १,००६, ख्रिस जॉन्सन २,००६ वरून १,३६४, एड्रियन पीटरसन २,०९७ वरून १,२६६, डेरिक हेन्री २,०२७ वरून ९३७. नववा सेक्वान बार्कली, २०२४ मध्ये २,००५. २०२५ मध्ये तोही बराच खाली आला.

नऊपैकी नऊ घसरले. याहून भक्कम पुरावा काय हवा, असं कोणीही म्हणेल. पण या नऊ जणांना एका यादीत आणलं कशाने? त्यांच्या आयुष्यातल्या शिखराने. शिखरावरचा माणूस निवडला की त्याचं पुढचं पाऊल बहुधा उतारावरच पडतं. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये हेच उंचीबाबत दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नसतात. त्यासाठी कोणाचे पाय झिजावे लागत नाहीत. दोन हजार यार्ड व्हायला कौशल्य लागतं, आणि त्याशिवाय निरोगी वर्ष, धडधाकट सहकारी आणि चार-सहा लांब धावा साधून जाण्याइतकं नशीब लागतं. पुढच्या वर्षी कौशल्य बरोबर येतं. बाकीचं येईलच असं नाही.

आता पहिल्या आठ जणांच्या पुढच्या वर्षाची सरासरी काढा. ती १,०८० च्या आसपास येते. सँडर्सचे १,४९१ आणि डेव्हिसचे २११ या दोघांना तो आकडा काय सांगतो? काहीच नाही. आठातल्या चौघांनी पुढच्या वर्षी बाराशेच्या वर मजल मारली, आणि बाराशे यार्ड म्हणजे कुठल्याही संघाला हवंहवंसं वर्ष. हा तक्ता नीट वाचला तर म्हणतो: थोडं खाली येईल, बहुधा चांगलाच खेळेल, मोडूनही पडू शकतो. कराराच्या खोलीत यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू येतं.

अशीच कथा ३७० च्या शापाची. फुटबॉल आउटसायडर्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या ॲरन शॅट्झ यांनी हा सिद्धान्त लोकप्रिय केला: एका मोसमात ३७० किंवा जास्त वेळा चेंडू घेऊन धावलेला रनिंग बॅक पुढच्या वर्षी ढेपाळतो. उदाहरणं अंगावर येणारी आहेत. जमाल अँडरसन १९९८ मध्ये ४१० वेळा धावला आणि पुढच्या मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याचं लिगामेंट फाटलं. शॉन अलेक्झांडर २००५ मध्ये बरोबर ३७० वेळा धावला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्या वर्षी पायाचं हाड मोडून ८९६ यार्डांवर थांबला. २००६ मध्ये लॅरी जॉन्सनला कॅन्सस सिटीने ४१६ वेळा पळवलं, तो आजही विक्रम आहे. २००७ मध्ये पाऊल दुखावून त्याचे आठच सामने झाले.

मग डिकरसनचं काय करायचं? १९८३ मध्ये, पदार्पणाच्या वर्षी, तो ३९० वेळा धावला होता, आणि २,१०५ चा विक्रम त्याच्या पुढच्याच वर्षी झाला. लडेनियन टॉमलिन्सन २००२ मध्ये ३७२ वेळा धावला. २००३ मध्ये दर धावेमागे ५.३ यार्ड आणि वर शंभर झेल. एमिट स्मिथ १९९४ मध्ये ३६८ वर होता, म्हणजे शापाच्या दोन पायऱ्या अलीकडे. ब्रायन बर्क यांच्यासारख्या विश्लेषकांनी ३७० ही रेषा पुरावा बघून झाल्यावर आखल्यासारखी आहे, असा आक्षेप घेतला आणि तो मला पटतो. शिवाय ३७० वेळा धावायचं तर वर्षभर दुखापतीशिवाय खेळावं लागतं. पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं तरी त्या वर्षापुढे ते फिकंच दिसणार.

शरीर झिजत नाही असं मला म्हणायचं नाही. झिजतं, आणि वाईट झिजतं. २००४ मध्ये कर्टिस मार्टिनने वयाच्या ३१ व्या वर्षी ३७१ वेळा धावून लीगमध्ये सर्वाधिक यार्ड मिळवले. पुढच्या मोसमात गुडघ्याने दगा दिला आणि नंतर तो कधी मैदानात उतरला नाही. माझा आक्षेप आहे तो सगळी घसरण त्या एका माणसाच्या गुडघ्याच्या नावावर मांडण्याला. कारण ज्या यार्डांची तुलना चालते ते मुळात त्याच्या एकट्याचे नसतात.

डेन्व्हरचं उदाहरण घ्या. टेरेल डेव्हिस हा १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेऱ्यांत, सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू. १९९९ मध्ये तो जायबंदी झाला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या ओलांडिस गॅरी या नवख्याने १,१५९ यार्ड काढले. २००० मध्ये माइक अँडरसन आला. मरीन दलात नोकरी करून उशिरा कॉलेज फुटबॉलकडे वळलेला हा गडी पदार्पणाच्याच मोसमात २७ वर्षांचा झाला, आणि त्याने १,४८७ यार्ड केले. मग क्लिंटन पोर्टिस: १,५०८ आणि १,५९१, दोन्ही वर्षं दर धावेमागे साडेपाच यार्ड. २००४ मध्ये पोर्टिसला वॉशिंग्टनला देऊन डेन्व्हरने त्याच्या बदल्यात चॅम्प बेली घेतला. वॉशिंग्टनमध्ये पोर्टिसची सरासरी ३.८ वर आली. डेन्व्हरमध्ये त्याच्या जागी रूबेन ड्राउन्स धावला, १,२४० यार्ड.

पोर्टिस २००४ मध्ये अवघ्या २३ वर्षांचा होता. म्हातारपणाचा प्रश्नच नव्हता. डेन्व्हरमध्ये मुख्य प्रशिक्षक माइक शॅनाहन यांची आखणी होती आणि ॲलेक्स गिब्स यांनी घडवलेली लाइन होती, पुढचे पाचजण एका दिशेने सरकत प्रतिस्पर्ध्यांना वाहून नेणारी. त्या फटीतून धावणाऱ्याचं नाव दर दोन वर्षांनी बदलत होतं. साम्य मोजणारा तक्ता वय बघतो, वजन बघतो, मागच्या तीन मोसमांचे यार्ड बघतो. त्या पाचजणांसाठी त्यात बहुतेकदा रकानाच नसतो.

डॅलसमध्येही तेच. २०१४ मध्ये डीमार्को मरे तिथे ३९२ वेळा धावून १,८४५ यार्डांवर पोचला. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात ७०२. शाप खरा ठरला म्हणून लोकांनी माना डोलावल्या. त्याच वर्षी डॅलसच्या त्याच लाइनमागे डॅरेन मॅकफॅडन, ज्याला बहुतेकांनी संपला म्हणून सोडून दिलं होतं, १,०८९ यार्ड धावला. आणि मरे २०१६ मध्ये टेनेसीत गेल्यावर पुन्हा १,२८७. झिजलेला माणूस एका वर्षात पुन्हा नवा कसा झाला?

बार्कलीचं प्रकरण तर ताजं आहे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सने त्याला घेतलं. २०२० मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं. २०२३ मध्ये ९६२ यार्ड, सरासरी ३.९. वय २७, पायांखाली सुमारे १,२०० धावा. जुन्या खेळाडूंच्या कुठल्याही तक्त्याने त्याला उतरणीला लावलं असतं. जायंट्सनीही त्याच्यासाठी फार ताणलं नाही. मालक जॉन मारा यांनी मात्र कॅमेऱ्यासमोर कबूल केलं होतं की बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण. तो फिलाडेल्फियालाच गेला, तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरवर. तिथे जेफ स्टाउटलंड यांनी तयार केलेली लाइन होती, जॉर्डन मायलाटा आणि लेन जॉन्सनसारखे पहाड होते, आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः धावेल या धास्तीने बचावातला एक माणूस कायम अडकून पडायचा. दर धावेमागे ५.८ यार्ड. प्लेऑफ धरून २,५०४, हा विक्रम. आणि शेवटी सुपर बोलचं विजेतेपद. (डिकरसनचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड हवे होते आणि एक सामना शिल्लक होता. निक सिरियानी यांनी त्याला बसवून ठेवलं. प्रशिक्षक म्हणून बरोबरच केलं, पण बघणाऱ्यांचा हिरमोड झाला.)

पुढच्या वर्षी बार्कली घसरला तेव्हा तक्तेवाल्यांनी पाठ थोपटून घेतली. दिशा त्यांची बरोबर होती, हे मान्य. पण त्या मोसमात फिलाडेल्फियाची लाइनही दुखापतींनी खिळखिळी झाली होती, आणि ते कुठल्याच तक्त्याने आधी सांगितलं नव्हतं.

तुलनेला जोडीदारच मिळत नाही, असेही खेळाडू असतात. सहा फुटांवर उंची आणि जवळपास ११२ किलो वजन असलेला डेरिक हेन्री कोणासारखा आहे? सगळ्यांच्या तोंडी नाव येतं ते अर्ल कॅम्पबेलचं. दोघे एकाच फ्रँचायझीचे, कारण कॅम्पबेलचा ह्यूस्टन ऑइलर्स हा संघच पुढे टेनेसी टायटन्स झाला. दोघेही अंगावर येणाऱ्याला तुडवून जाणारे. कॅम्पबेलने १९८० मध्ये ३७३ धावांत १,९३४ यार्ड केले आणि तिशीत त्याचा खेळ संपला. हेन्री तिशीत पोचला तेव्हा टेनेसीने त्याला जाऊ दिलं. बाल्टिमोरने दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलरवर त्याला घेतलं, आणि २०२४ मध्ये तो १,९२१ यार्ड धावला, दर धावेमागे ५.९. फ्रँक गोरचंही असंच. कॉलेजातच त्याच्या दोन्ही गुडघ्यांची लिगामेंट फाटली होती, तरी तो १६ मोसम खेळला आणि १६,००० यार्ड जमवून सार्वकालिक यादीत तिसरा आला. हे अपवाद आहेत, कबूल. पण अपवाद किती आहेत हे आपल्याला कळणार कसं? तिशीतल्या रनिंग बॅकला चेंडूच मिळाला नाही तर त्याचे आकडे खालीच दिसणार, आणि ते खालचे आकडे पुढच्या तिशीतल्याविरुद्ध पुरावा म्हणून जमा होणार.

आता पैशांकडे येतो, कारण माझा मुद्दा शेवटी तिथेच आहे.

एनएफएलच्या २०११ च्या कामगार कराराने नव्या खेळाडूंचे पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरवूनच टाकले. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांना क्लबच्या मर्जीवर पाचवं वर्ष. पहिली तीन वर्षं त्यावर फेरबोलणी करता येत नाहीत. ते संपलं की क्लब फ्रँचायझी टॅग लावून, म्हणजे लीगने ठरवलेला एका वर्षाचा पगार देऊन, आणखी एक वर्ष अडकवू शकतो. २१-२२ व्या वर्षी आलेला पोरगा मोकळा होतो तेव्हा २६-२७ चा असतो. तेव्हाच तक्ता बाहेर काढला जातो: तुझ्यासारख्यांचं सत्तावीसनंतर काय झालं ते बघ.

२०१७ मध्ये रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाख डॉलरचा होता. २०२३ मध्ये तो १ कोटी ९१ हजारांवर आला. त्याच काळात संघांची पगाराची कमाल मर्यादा १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली. २०२३ मध्ये हा टॅग लागलेल्यांत बार्कली होता, आणि आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावलेला जॉश जेकब्सही.

मालकांची बाजू पोकळ नाही. टॉड गर्लीला रॅम्सनी २०१८ मध्ये चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार दिला आणि २०२० च्या मार्चमध्ये सोडलं. इझिकिएल एलियटला डॅलसने २०१९ मध्ये सहा वर्षांचे ९ कोटी कबूल केले आणि २०२३ मध्ये निरोप दिला. पगाराला वरची मर्यादा आहे. रनिंग बॅकला जास्त दिलं तर लाइनमधल्या कोणाला तरी कमी द्यावं लागतं, आणि वरचा डेन्व्हरचा हिशेब मांडल्यावर लाइनला आधी द्या असं मीच म्हणेन. सत्ताविसाव्या वर्षी पाच वर्षांचा मोठा करार देऊ नका, या सल्ल्यात तथ्य आहे.

पण मग तोच तक्ता वरच्या टोकापासून वाचायला हवा. रनिंग बॅक पहिल्या चार वर्षांतच सर्वोत्तम असतो असं तो सांगत असेल, तर पैसेही त्याच चार वर्षांत द्यायला हवेत. आज उलट होतं. उमेदीची वर्षं ठरावीक स्वस्त दराने विकत घेतली जातात आणि भाव मागायची वेळ आली की वय दाखवलं जातं. क्वार्टरबॅक ३५ व्या वर्षीही मोठा करार मिळवतो, त्यामुळे त्याला चार वर्षं थांबणं परवडतं. रनिंग बॅकला परवडत नाही, आणि हे सगळ्यांत आधी तक्ता काढणाऱ्यांनाच माहीत असतं.

उपाय फार क्रांतिकारक नाही. लीगमध्ये २००२ पासून एक निधी आहे, ज्यातून कमी पगारात जास्त वेळ मैदानात राहिलेल्या खेळाडूंना वर्षाअखेर जादा पैसे मिळतात. त्यात रनिंग बॅकच्या प्रत्यक्ष धावांना वेगळं वजन देता येईल. किंवा त्यांचा पहिला करार तीन वर्षांचा करता येईल. दोन्हींसाठी खेळाडूंच्या संघटनेची संमती लागेल, आणि खरी अडचण तिथेच आहे. संघटनेत रनिंग बॅक थोडे, बाकीचे पुष्कळ. मर्यादेतला प्रत्येक डॉलर कोणाच्या तरी वाट्यातून जाणार, मग मतदानाला बसलेला वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब फेकलेले चेंडू झेलणारा, चबसाठी हात का वर करेल? सध्याचा करार २०३० च्या मोसमापर्यंत चालणार आहे. तोपर्यंत आज कॉलेजात धावणारी पोरं येऊन, पळून, सत्ताविशी गाठून बाहेरही पडलेली असतील.